चाकांवरचे आरोग्य : महासाथ आणि आपले मालवाहू वाहनचालक

रुग्णालयाच्या वर्षभराच्या कामकाजाचा आढावा आणि जमाखर्च यांच्या जोडीला आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाची माहिती वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने हा लेख देत आहोत. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या तिघांशीही संबंध असलेला, परंतु सहसा कोणाच्या लक्षात न येणारा एक विषय आम्ही यासाठी निवडला आहे. दूध, भाजीपाला, औषधे, प्राणवायूचे सिलिंडर आणि घरपोच पार्सल यांची ने-आण करणाऱ्या चालकांचे आरोग्य, हा तो विषय होय.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी तिच्यासंबंधीची आणीबाणी मागे घेतली. मधल्या तीन वर्षांत डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि सफाई कर्मचारी यांच्या सेवेची समाजाने दखल घेतली, आणि ते योग्यच झाले. मात्र घराघरांत माणसे थांबली असताना जो रस्त्यावरच होता, त्या चालकाकडे पाहण्याची आपली दृष्टी वेगळी होती. आपण त्याच्याकडे रोग घेऊन येणारा माणूस म्हणून पाहिले. त्याला स्वतःला रोगाचा धोका आहे, हे आपल्या ध्यानात फार उशिरा आले. हे विधान आम्ही इतरांना दोष देण्यासाठी करीत नाही. आमच्या रुग्णालयाचाही त्यात वाटा आहे आणि त्याचा उल्लेख पुढे येईल.

वाटेवरचे गाव

पेठ वडगाव हे बाजारपेठेचे गाव आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरून, म्हणजे पूर्वीच्या चार क्रमांकाच्या व आताच्या ४८ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरून, वाठार येथे वळले की काही किलोमीटरांवर आपले गाव लागते. एका बाजूला वारणानगरचा दूध व साखर उद्योग, दुसऱ्या बाजूला शिरोलीची औद्योगिक वसाहत आणि इचलकरंजीचे यंत्रमाग, आणि आसपास ऊस व भाजीपाला पिकविणारी गावे, अशी या परिसराची रचना आहे. त्यामुळे येथील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ टेम्पो, पिकअप, ट्रक वा टँकरच्या चाकावर चालतो. कोणाची स्वतःची कर्जाऊ गाडी असते, तर कोणी दुसऱ्याच्या गाडीवर खेपेप्रमाणे मोबदला घेतो. अलीकडे दुचाकीवरून पार्सल पोचविणाऱ्या तरुणांची त्यात भर पडली आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, त्या वेळी जीवनावश्यक मालाच्या वाहतुकीस मुभा होती. २९ मार्च रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आवश्यक व अनावश्यक असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीस परवानगी असल्याचे स्पष्ट केले. कागदावर गाड्या सुरू झाल्या. पण गाडी चालण्यासाठी केवळ परवानगी पुरत नाही. ढाबे बंद होते, पंक्चर काढणारे बंद होते, सुटे भाग मिळत नव्हते, आणि माल उतरविल्यावर रिकामी गाडी परत आणताना नाक्यानाक्यावर जाब द्यावा लागत होता. एप्रिलच्या मध्यास निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत गाडीत दोन चालक व एक मदतनीस असावा, रिकाम्या गाडीस परतीची मुभा असावी आणि महामार्गावरील ढाबे व दुरुस्तीची दुकाने उघडता यावीत, असे नमूद करावे लागले, यावरूनच आधीच्या तीन आठवड्यांत चालकांचे काय हाल झाले असतील याची कल्पना येते.

आपल्याकडून मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर. जिल्ह्यातून जाणारे दूध आणि भाजीपाला यांची मोठी बाजारपेठ मुंबई-पुण्यातच आहे आणि दूध थांबवून ठेवता येत नाही. गोठ्यातील म्हशीला टाळेबंदी कळत नाही. ती दोन वेळा दूध देते आणि ते दूध शीतकरण केंद्रातून टँकरने पुढे जावेच लागते. म्हणून ज्या काळात मुंबईत रुग्णसंख्या झपाट्याने वाढत होती, त्याच काळात आपल्या भागातील चालक तेथे जाऊन परत येत होते.

भीती कशाची होती, धोका कोठे होता

आरंभीच्या महिन्यांत सर्वांना भीती वाटे ती वस्तूंची. दुधाची पिशवी धुऊन घेणे, भाजी मिठाच्या पाण्यात ठेवणे, पार्सल दिवसभर अंगणात उन्हात ठेवणे, नोटांना इस्त्री करणे, हे सारे आपण केले. त्यामागे कारण होते. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात हा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत व पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आढळू शकतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले होते. तथापि विषाणूचा अंश आढळणे आणि त्यापासून लागण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढे अनुभव वाढला तसे चित्र स्पष्ट झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे सांगितले. रोग मुख्यतः हवेतून, श्वासावाटे पसरत होता.

ही गोष्ट चालकाच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. ग्राहक पार्सलच्या खोक्याला भीत होता. चालकाचा धोका मात्र तीन वेगळ्याच ठिकाणी होता.

पहिले ठिकाण म्हणजे गाडीची केबिन. चार-पाच फुटांच्या त्या जागेत चालक आणि क्लीनर किंवा दोन चालक दहा-बारा तास शेजारी शेजारी बसतात, तेथेच जेवतात आणि आळीपाळीने तेथेच झोपतात. खिडक्या बंद असल्या की एकाच्या उच्छ्वासातील सूक्ष्म कण हवेत साठत जातात व दुसऱ्याच्या श्वासावाटे आत जातात. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सर्वसाधारणपणे पाच-सहा दिवस, क्वचित चौदा दिवसांपर्यंत लागत. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना रोग देऊ शकत असे. म्हणजे शेजारी बसलेला सोबती धडधाकट दिसत असतानाच लागण होऊन जाई.

दुसरे ठिकाण म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याची जागा. घाऊक बाजारात पहाटे हमाल, अडते, व्यापारी आणि चालक यांची दाटी होते, मोठमोठ्याने बोलणे होते, आणि पावती मिळेपर्यंत तासन्‌तास थांबावे लागते. नवी मुंबईतील कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार मे २०२० मध्ये रुग्ण वाढल्याने ११ ते १७ तारखेपर्यंत बंद ठेवावे लागले होते. त्याच महिन्यात चेन्नईचा कोयंबेडू बाजारही बंद करावा लागला. त्या बाजाराशी संबंध आलेल्या व्यापारी, मजूर व चालकांमार्फत तमिळनाडूच्या अनेक जिल्ह्यांत रोग पोचल्याचे आढळले होते. चालक तेथे स्वखुशीने गर्दी करीत नव्हता. त्याच्या कामाची रचनाच तशी होती.

तिसरे ठिकाण म्हणजे नाका. जिल्ह्याच्या व राज्याच्या हद्दीवर तपासणी होई. आपल्या जवळचा किणी टोल नाका आणि कर्नाटकाच्या हद्दीवरील कोगनोळी नाका ही नावे त्या काळात घराघरांत पोचली. तपासणी आवश्यकच होती. पण रांगेत उन्हात उभ्या असलेल्या माणसाला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह लागते, याचा विचार कोठेही पुरेसा झाला नाही.

परदेशांतही हाच अनुभव आला. मे २०२० मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने व्यवसायानुसार कोविड मृत्यूंची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा टॅक्सीचालक व बसचालक पुरुषांतील मृत्यूंचे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांपेक्षा बरेच अधिक असल्याचे दिसले. पूर्व आफ्रिकेत युगांडाच्या सीमेवर ट्रकचालकांची चाचणी सुरू झाली, त्याबरोबर रोगाचे खापरही त्यांच्याच माथी फुटू लागले.

प्राणवायूची वाट

एप्रिल व मे २०२१ मधील दुसरी लाट आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात तर ती लवकर ओसरली नाही. जून-जुलैपर्यंत राज्यातील अधिक संसर्गाच्या जिल्ह्यांत आपला जिल्हा गणला जात होता. त्या दिवसांत रुग्णालय चालविणे म्हणजे प्रत्यक्षात सिलिंडरची गाडी येण्याची वाट पाहणे झाले होते. देणगीदारांना कल्पना यावी म्हणून एक साधे गणित मांडतो.

मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला १० लिटर प्राणवायू लागणारा एक रुग्ण तासाला ६०० लिटर वापरतो, म्हणजे एक सिलिंडर बारा तासांच्या आत संपतो. असे दहा रुग्ण दाखल असतील तर दिवसाला वीस-एकवीस सिलिंडर लागतात. ते रिकामे करून, गाडीत चढवून, भरणा केंद्रावर नेऊन, रांगेत उभे राहून, भरून परत आणावे लागतात. ही साखळी दोन तासांनी लांबली तर काय होते, ते त्या काळात खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकांना सांगावयास नको.

देशपातळीवरही प्राणवायू तयार करण्याइतकाच तो वाहून नेण्याचा प्रश्न बिकट झाला होता. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअस तापमानाच्या आसपास ठेवावा लागतो व त्यासाठी खास टँकर लागतात. असे घातक माल वाहणारे वाहन चालविण्यास वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. म्हणून टँकर असले तरी ते चालविणारे हात मोजकेच होते. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ विशाखापट्टणमकडे रवाना झाली व भरलेले टँकर नागपूर आणि नाशिकला पोचवून गेली. रेल्वेच्या डब्यावर टँकर होते, तरी प्रवासाच्या अलीकडे व पलीकडे ते चालविणारे चालकच होते.

येथे आमची चूक नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. त्या दिवसांत रात्री-अपरात्री सिलिंडर घेऊन येणाऱ्या चालकांना आम्ही फाटकाच्या आत फार वेळ थांबू देत नव्हतो. संसर्ग टाळण्याचा हेतू प्रामाणिक होता. परंतु त्यांना हात धुण्यास, पाणी पिण्यास, स्वच्छतागृहास जाण्यास वा घटकाभर पाठ टेकण्यास जागा द्यावी, हे आम्हांस बरेच दिवस सुचले नाही. एका पहाटे सिलिंडर उतरवून झाल्यावर एक चालक फाटकाबाहेर गाडीच्या चाकाला टेकून झोपी गेलेला आमच्या परिचारिकांना दिसला. त्याने आणलेल्या प्राणवायूवर आतील रुग्ण श्वास घेत होते. त्या दिवसापासून आवारातील एक शेड चालकांसाठी मोकळी करण्यात आली. ती पहिल्याच दिवशी करावयास हवी होती.

झोप, भूक आणि पाणी

महासाथीने चालकांच्या आरोग्यात नवे दोष निर्माण केले असे म्हणण्यापेक्षा जुने दोष उघडे पाडले, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या चालकांच्या तक्रारी आजही त्याच आहेत, म्हणून त्यांची कारणे समजून घेणे उपयुक्त आहे.

प्रौढ माणसाला दिवसाकाठी किमान सात तास झोप लागते. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची एकाग्रता व हालचालींतील चपळता १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घटते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याने मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे पहाटे चारला उठून रात्री नऊनंतरही चाकावर असलेला निर्व्यसनी चालक, मद्याच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे गेलेल्या माणसाइतकाच मंदावलेला असू शकतो. टाळेबंदीत ढाबे व विश्रांतीच्या जागा बंद असल्याने अनेकांना खेप एका दमात पुरी करावी लागली. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीराचे नैसर्गिक घड्याळ झोपेकडे ओढते, आणि दूध व भाजीच्या गाड्या नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून चालक पाणीच कमी पितात. त्यामुळे लघवीची जळजळ व मूतखडा यांचा त्रास होतो. शिवाय केबिनमधील उष्णतेत शरीरातील पाणी कमी झाले की थकवा वाढतो आणि लक्ष विचलित होते. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पायांतील रक्ताभिसरण मंदावते. कोविडमध्ये रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असल्याने हा धोका आणखी वाढत असे.

तिसरी गोष्ट म्हणजे मधुमेह व रक्तदाब. जेवणाची वेळ नाही, गोळीची वेळ नाही आणि तपासणीसाठी खाडा केला तर त्या दिवसाची कमाई नाही, या चक्रात हे विकार वर्षानुवर्षे लपून राहतात. कोविडमध्ये ज्यांची प्रकृती अधिक बिघडली त्यांत अनियंत्रित मधुमेह असलेल्यांचा भरणा मोठा होता, व २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखला गेलेला म्युकरमायकोसिसही मुख्यतः अशाच रुग्णांत दिसला. आमच्याकडे दाखल झालेल्या चालकांपैकी काहींना आपल्याला मधुमेह आहे, हे कोविडच्या तपासणीतच प्रथम कळले.

मनावरचा भार

शरीराच्या त्रासाला नाव असते. मनावरील ताणाला चालक सहसा नाव देत नाहीत. छातीत धडधड, अपचन, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारींच्या रूपाने तो आमच्यापुढे येतो. धोक्याची जाणीव होताच शरीर हृदयाची गती व रक्तदाब वाढवून सज्ज होते. धोका टळला की ते पूर्ववत होते. पण धोका आठवडेच्या आठवडे टळलाच नाही तर ती सज्जता कायम राहते आणि शरीरच झिजू लागते.

या चालकांच्या मनात तीन चिंता एकाच वेळी होत्या. स्वतःला रोग होईल ही पहिली. आपल्यामुळे घरातील म्हाताऱ्या आई-वडिलांना होईल ही दुसरी, आणि बहुतेकांच्या बोलण्यात हीच अधिक असे. मुंबईची खेप करून आल्यावर गावाबाहेर शेतातील वस्तीवर किंवा गाडीतच राहिलेले, घरून आलेला डबा बांधावरून उचलून घेणारे आणि पोराबाळांना लांबूनच पाहणारे चालक आम्हांस पुढे भेटले. ज्यांचे घर दोन खोल्यांचे, त्यांना घरात वेगळे राहणे शक्यच नव्हते. तिसरी चिंता गाडीच्या हप्त्याची. गाडी उभी राहिली तर उत्पन्न थांबते, हप्ता थांबत नाही. याच कारणाने ताप आला तरी तो लपवून गाडी काढण्याचा मोह होई. याला केवळ बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. आजारपणाच्या दिवसांची भरपाई ज्याला मिळत नाही, त्याला घरी थांबण्याचा सल्ला देणे सोपे असते; पाळणे कठीण.

यात भर पडली ती लोकांच्या वागण्याची. ज्यांच्या दुधावर गावोगावचा चहा होत होता त्यांनाच चहाच्या टपरीवर दूर उभे केले जाई. काहींना भाड्याच्या खोलीत परत येऊ दिले गेले नाही. घरपोच पार्सल देणाऱ्या तरुणांना पिशवी फाटकाबाहेर ठेवण्यास सांगितले जाई. त्यात चूक काही नव्हती, परंतु आभाराचा एक शब्दही अनेकदा मिळत नसे. त्यांच्यामागे वेळेचे बंधन होते आणि ग्राहकाने मोबाइलवर दिलेल्या गुणांवर पुढील काम अवलंबून होते.

महासाथीच्या जोडीला आपल्या भागास पूरही सहन करावा लागला. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरातही तो बंद राहिला होता. दोन्ही वेळी मालवाहू गाड्यांच्या रांगा रस्त्यावर अडकून पडल्या. मात्र त्या वेळी परिसरातील गावकऱ्यांनी चालकांना जेवणाचे डबे व पाणी पुरविले, याचा उल्लेख केलाच पाहिजे. चालकाला अनोळखी न मानता अडलेला माणूस मानले की काय होऊ शकते, हे आपल्याच लोकांनी दाखवून दिले.

रांगेतील जागा

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. प्रथम आरोग्य कर्मचारी, नंतर पोलीस, पालिका, महसूल आदी आघाडीवरील कर्मचारी, १ मार्चपासून साठीपुढील व व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून ४५ वर्षांपुढील आणि १ मेपासून १८ वर्षांपुढील, असा क्रम होता. मालवाहू चालकांचा देशपातळीवरील अग्रक्रमाच्या यादीत स्वतंत्र समावेश नव्हता. त्यामुळे तिशीतील दूधगाडीचा चालक दुसरी लाट ऐन भरात असताना रांगेत आला, आणि लसींच्या तुटवड्यामुळे राज्यात १८ ते ४४ या गटाचे लसीकरण मे महिन्यातच काही काळ थांबवावे लागले.

कायद्याच्या संरक्षणाचीही अशीच गोष्ट. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमात दिवसाला आठ तास काम व पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी तरतूद होती. पण तो सर्वसाधारणपणे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. आपल्या भागात एक-दोन गाड्यांचेच मालक बहुसंख्य. हा कायदा आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. मोबाइलवरील व्यासपीठांमार्फत काम करणाऱ्यांचा उल्लेख सामाजिक सुरक्षा संहितेत प्रथमच आला असून, त्यांच्या निधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. असंघटित कामगारांची नोंदणी करणारे ई-श्रम संकेतस्थळ ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ महासाथीच्या काळात राज्यातील सर्व रहिवाशांसाठी खुला करण्यात आला होता. योजना आहेत, परंतु त्या चालकापर्यंत पोचण्यासाठी त्याला एक दिवस गाडी उभी करून कागदपत्रे जमवावी लागतात, आणि नेमका तोच दिवस त्याच्याजवळ नसतो.

कुटुंबीय व गाडीमालकांसाठी

पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तथापि श्वसनमार्गाचे आजार दरवर्षी येतात आणि चालक रोज रस्त्यावर असतो. म्हणून काही सूचना देत आहोत.

१. केबिनच्या दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या तरी उघड्या ठेवाव्यात. सोबत्यास सर्दी-ताप असल्यास दोघांनीही मुखपट्टी वापरावी, आणि शक्य असल्यास त्यास खेपेवर नेऊ नये.

२. सतरा तासांहून अधिक जागरण झालेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये. रात्रीच्या खेपेपूर्वी दुपारची झोप घरच्यांनी मोडू नये. पेंग आल्यास चहा वा तंबाखूवर विसंबून न राहता सुरक्षित जागी गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटे झोपावे.

३. पाण्याची बाटली व मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या डब्याबरोबरच गाडीत द्याव्यात. दर दोन-तीन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे.

४. चाळिशीनंतर वर्षातून एकदा साखर, रक्तदाब व डोळे तपासावेत. जोराने घोरणे व दिवसा पेंग येणे ही एकत्र लक्षणे असल्यास डॉक्टरांस अवश्य सांगावे.

५. ताप-खोकल्यात धाप लागत असल्यास बोटावरील यंत्राने प्राणवायूची पातळी पाहावी. ती ९४ च्या खाली आल्यास, अथवा सहा मिनिटे चालल्यावर घसरल्यास, रुग्णालयात यावे. कोविडमध्ये फारसा त्रास न जाणवताही पातळी खालावलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

६. गाडीमालकांनी आजारपणातील निदान काही दिवसांचा भत्ता द्यावा. आजारी चालकास रस्त्यावर पाठविण्यापेक्षा तो खर्च कमीच ठरतो.

आमचे निवेदन

वरील सूचना चालकाने पाळावयाच्या आहेत. परंतु त्याचे आरोग्य केवळ त्याच्या काळजीवर अवलंबून नाही, हेच या लेखाचे सार आहे. पाणी, स्वच्छतागृह, पाठ टेकण्याची जागा, सोयीच्या वेळची तपासणी आणि आजारपणात घरी थांबण्याची ऐपत, या पाच गोष्टी वाटेवर उपलब्ध असल्या तरच सल्ल्याला अर्थ राहतो. यांतील शेवटची गोष्ट आमच्या हाती नाही. पहिल्या चार आपण सर्व मिळून करू शकतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही नम्रपणे दोन गोष्टी ठेवीत आहोत. रुग्णालयाच्या फाटकाजवळ माल घेऊन येणाऱ्या चालकांसाठी पाणी, स्वच्छतागृह व दोन खाटा असलेली कायम स्वरूपाची खोली असावी. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सायंकाळी चालकांसाठी साखर, रक्तदाब व नेत्रतपासणीची सवलतीची सोय असावी. देणगीदारांनी आजवर यंत्रसामग्री, खाटा व औषधांसाठी सढळ हाताने साहाय्य केले आहे. ती यंत्रे, त्या खाटा आणि ती औषधे येथवर आणणाऱ्या माणसासाठी एक खोली बांधणे, हे त्याच दातृत्वाचे पुढचे पाऊल ठरेल.

रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे की, आपल्या आप्ताच्या खाटेजवळ प्राणवायू पोचला तेव्हा त्यामागे रात्रभर जागलेला एक माणूस होता. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही आणि आमच्याही नोंदवहीत केवळ गाडीचा क्रमांक आहे. यापुढे त्या नोंदवहीत चालकाचे नावही लिहावे, असे आम्ही ठरविले आहे.